बढती नको म्हणणारे गुरुजी

वेंगुर्ल्यात काय किंवा कुडाळ-सावंतवाडीत काय, शिक्षकांच्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. ज्येष्ठतेच्या यादीत गुरुजींचं नाव वर आलेलं असतं, मुख्याध्यापकपद समोर असतं आणि गुरुजी लेखी कळवून टाकतात, की मला पदोन्नती नको. घरचे विचारतात, शेजारीही विचारतात : जन्मभर शिकवलंत, आता मान मिळतोय, तर नको का म्हणता?

या प्रश्नाचं सोपं उत्तर पगारात आहे. शिक्षकाला १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते आणि २४ वर्षांनंतर निवड वेतनश्रेणी मिळू शकते. बढती ज्येष्ठतेने येते, म्हणजे बहुधा पन्नाशीनंतर. तोवर पगार या पायऱ्या चढलेला असतो, त्यामुळे मुख्याध्यापक झाल्यावर हातात पडणारी वाढ किरकोळ असते. ५८व्या वर्षी निवृत्ती. उरलेल्या मोजक्या वर्षांसाठी कदाचित दुसऱ्या तालुक्यात जायचं, गुडघे दुखत असताना नव्या गावात बिऱ्हाड थाटायचं.

पण पगार बरा वाढला असता तरी अनेकांनी नकोच म्हटलं असतं. त्याचं कारण कामाच्या स्वरूपात आहे. मुख्याध्यापकाच्या मनावर आणि शरीरावर नेमकं ओझं कशाचं पडतं, ते या प्रकरणात पाहू.

१. पद नाही, पण काम आहे

आधी सिंधुदुर्गाची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. २००१च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११मध्ये ती ८,४९,६५१ झाली. राज्य वाढत असताना हा जिल्हा आटला. तरुण माणसं मुंबईला, पुण्याला, गोव्याला गेली आणि मुलंही त्यांच्याबरोबर गेली. शाळा मात्र वाडीवाडीवर होत्या, आणि त्याला कारण होतं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. सहा वर्षांच्या पोराने भर जुलैत व्हाळ ओलांडून शाळेला जाऊ नये, म्हणून शाळाच पोराच्या जवळ नेली गेली. शिक्षण हक्क कायद्याचीही तीच अपेक्षा आहे : पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी.

त्यामुळे शाळा पुष्कळ आणि पट लहान, असं चित्र तयार झालं. हे चित्र फक्त कोकणाचं नाही. २०२३मध्ये लहान शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विषय निघाला, तेव्हा वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा राज्यात चौदा हजारांवर असल्याचं समोर आलं होतं.

आता २००९चा शिक्षण हक्क कायदा काय म्हणतो ते पाहा. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. स्वतंत्र मुख्याध्यापक केव्हा? पट १५०च्या वर गेला तर. सहावी ते आठवीसाठी पूर्णवेळ मुख्याध्यापक १००च्या वर. वाडीवरच्या शाळेत हे आकडे येणार कुठून? म्हणून तिथे मुख्याध्यापकाचं पदच नसतं. दोघांपैकी जो ज्येष्ठ, त्याच्याकडे पदभार येतो. तो उपशिक्षकच असतो, पगार उपशिक्षकाचा, वर्गही त्याच्याकडे असतात. मात्र मुख्याध्यापकाची झाडून सगळी कामं त्याच्या नावावर चढतात, कारण ती पटाप्रमाणे कमी होत नाहीत. ५०० मुलांच्या शाळेला जी माहिती भरावी लागते, तीच १२ मुलांच्या शाळेला भरावी लागते.

२. चौतीस मुलांचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्यातल्या एका वाडीवर पहिली ते पाचवीची शाळा आहे. पट ३४. शिक्षक दोन, त्यांतल्या बाईंकडे पदभार.

सकाळी हजेरी होते. आज ३१ मुलं आहेत. पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, म्हणजे आज ३ किलो १०० ग्रॅम. तो मोजून स्वयंपाकीण मावशींकडे द्यायचा, साठा नोंदवहीत वजा करायचा, शिजल्यावर मुलांच्या आधी स्वतः चव घ्यायची, चव रजिस्टरला नोंद करायची आणि किती मुलं जेवली ते मोबाइलवर भरायचं. हे काम चांगलंच आहे, कुणाला तरी करावंच लागणार. पण चुकून उद्या कुणा मुलाच्या पोटात दुखलं, तर पहिला प्रश्न बाईंना विचारला जाईल. तांदळाची प्रत त्यांनी निवडलेली नसते, पुरवठादार त्यांनी नेमलेला नसतो.

मग पैसे. समग्र शिक्षा योजनेत शाळेला वार्षिक अनुदान पटावर मिळतं : ३०पर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाला २५,००० रुपये. या शाळेला आज पंचवीस हजार मिळतात. उन्हाळ्यात दोन कुटुंबं गोव्याला कामाला गेली आणि चार मुलं कमी झाली. पट ३०. पुढच्या वर्षी अनुदान दहा हजार. वीज बिल तेवढंच, कौलं तेवढीच फुटणार, खडू-वह्यांचा खर्च जवळजवळ तेवढाच. पंधरा हजारांचा फरक भरून काढायचा कसा, हे कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नाही. बाई गावात फिरतात, चाकरमान्यांना फोन करतात, चतुर्थीला गावी आलेल्यांना शाळा दाखवतात. अनेक गावांत अशाच मदतीवर रंगरंगोटी झाली आहे आणि त्याचं श्रेय गावालाही आहे. तरीही पदर पसरून मागण्याचा ताण बाईंच्या वाट्याला येतो.

आणि वेळ. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवसांत ८०० तास अध्यापन व्हायला हवं, म्हणजे रोज किमान चार तास. पाच वर्ग आणि दोन माणसं असल्यामुळे एकेकाकडे आधीच दोन-तीन वर्ग. त्यात बाई दोन तास कागदांत अडकल्या, की पाचही वर्ग दुसऱ्या गुरुजींकडे. तालुक्याला बैठक लागली, तर अख्खा दिवस. ज्या दिवशी दुसरे गुरुजी रजेवर असतात त्या दिवशी बाई बैठकीला जाऊ शकत नाहीत, आणि बैठकीला का आला नाहीत याचा खुलासाही त्यांनाच द्यावा लागतो.

या यादीत अजून यू-डायस आणि सरल या ऑनलाइन नोंदी, आधार पडताळणी, शाळा व्यवस्थापन समितीचं सचिवपद, शिष्यवृत्तीचे अर्ज, आरोग्य तपासणीच्या नोंदी आलेल्याच नाहीत. कायद्याचं कलम २७ सांगतं, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं देऊ नयेत. पण शिक्षणाच्या नावाखाली येणाऱ्या कागदी कामाला या कलमाचा आडोसा मिळत नाही, आणि मुख्याध्यापकाचा खरा वेळ त्यातच जातो. २०२३मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार घातला तेव्हा ‘आम्हाला शिकवू द्या’ अशी त्यांची मागणी होती. मला ती अगदी रास्त वाटते.

३. जबाबदारी आणि अधिकार

इतकं काम म्हटल्यावर माणूस थकणारच, असं आपण म्हणू. पण शास्त्र इथे एक महत्त्वाचा फरक करतं. रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकी संशोधकाने १९७९मध्ये अमेरिका आणि स्वीडनमधल्या कामगारांची माहिती तपासून एक मांडणी केली. कामाचा रेटा किती आहे, एवढंच पाहून चालत नाही. त्या कामाबद्दल निर्णय घेण्याचा अधिकार माणसाच्या हातात किती आहे, हेही पाहावं लागतं. रेटा मोठा आणि अधिकारही मोठा असेल, तर माणूस दमतो, पण शिकतो आणि उमेदीत राहतो. रेटा मोठा आणि अधिकार नाही, तिथे मन आणि शरीर दोन्ही झिजतं.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर हे समजावून सांगायची गरज पडणार नाही. होडीवरच्या तांडेलाचं काम जोखमीचं असतं. पण वारा फिरला तर परत वळायचं की पुढे जायचं, जाळं कुठे टाकायचं, हे तोच ठरवतो. समजा, होडी बुडाली तर जबाबदार तांडेल, पण वळायचं की नाही याची परवानगी ओरोसच्या जिल्हा मुख्यालयातून यायची, असा नियम केला तर? चांगला तांडेलसुद्धा त्या होडीवर चढणार नाही.

शाळेच्या इमारतीचं उदाहरण घ्या. इमारत जिल्हा परिषदेची. जुनी खोली धोकादायक झाली, तर ती पाडण्याआधी निर्लेखनाचा प्रस्ताव जातो : मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी, बांधकाम विभाग, जिल्हा परिषद. महिने जातात. मधल्या काळात पावसाळा येतो. मुख्याध्यापक त्या खोलीला कुलूप लावू शकतो, मुलं दुसऱ्या वर्गात दाटीवाटीने बसवू शकतो, स्मरणपत्र पाठवू शकतो. छप्पर दुरुस्त करण्याचा अधिकार त्याला नाही, पण एखादं कौल मुलाच्या अंगावर पडलं तर कारणे दाखवा नोटीस त्याच्याच नावाने निघेल. जोराचा वारा सुटला की हा माणूस रात्री घरी झोपू शकत नाही.

अधिकार नसण्याचा परिणाम शरीरावर होतो, याचा भक्कम पुरावा लंडनमधून आला. तिथल्या सरकारी नोकरांचा ‘व्हाइटहॉल’ नावाने ओळखला जाणारा अभ्यास १९६७मध्ये सुरू झाला. सर्वांत वरच्या पदांवर ताण जास्त आणि म्हणून हृदयविकारही जास्त, अशी तेव्हाची समजूत होती. निघालं उलटं. पद जितकं खालचं, तितकं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त. पुढच्या अभ्यासात मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की आपल्या कामावर स्वतःचा ताबा नसणं हे त्यामागचं एक ठळक कारण आहे. आपला मुख्याध्यापक गावाच्या नजरेत वरच्या पदावर असतो, पण निर्णयांच्या बाबतीत तो खालच्या पायरीवर असतो. या दोन गोष्टींतलं अंतर त्याला रोज सोसावं लागतं.

४. मधला माणूस

१९८८मध्ये जेफ्री जॉन्सन आणि एलन हॉल यांनी स्वीडनमधल्या माहितीच्या आधारे या मांडणीत तिसरी गोष्ट जोडली : सोबत. रेटा आहे, अधिकार नाही आणि शिवाय बोलायलाही कुणी नाही, अशा माणसाचं सगळ्यांत जास्त नुकसान होतं.

शिक्षकाला शिक्षकखोली असते. मधल्या सुट्टीत तो मन मोकळं करतो, बऱ्याचदा मुख्याध्यापकाबद्दलच. मुख्याध्यापकाने कुणाकडे बोलायचं? काल जो सहकारी होता, त्याचा आज गोपनीय अहवाल लिहायचा असतो. अधिकाऱ्यापुढे अडचण मांडली तर ती कमकुवतपणा ठरेल अशी धास्ती असते. पालकांपुढे तर बोलताच येत नाही.

खासगी माध्यमिक शाळांत ही कोंडी वेगळ्या तऱ्हेची आहे. तिथे एका बाजूला संस्था, दुसऱ्या बाजूला शिक्षण विभाग. मुख्याध्यापक संस्थेचा नोकर आणि त्याच वेळी वेतन देयकांसाठी विभागाला जबाबदार. दोघांचं पटत नसेल तर दोन्हीकडची पत्रं त्याच्या टेबलावर येतात. त्यात लिपिकाचं पद रिकामं असेल तर टंकलेखनही त्यानेच करायचं. डिसेंबर २०२०च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांत शिपायांच्या पदांऐवजी भत्ता देण्याची पद्धत आणली. भत्त्यावर माणूस मिळाला नाही, तर सकाळी शाळेचं कुलूप कोण उघडतं हे सांगायला नको.

५. थकवा आणि उमेद विझणं

साधा थकवा रविवारी उतरतो. दुसरा एक थकवा दिवाळीच्या सुट्टीनेही उतरत नाही. क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१मध्ये सुसान जॅक्सन यांच्याबरोबर तो मोजण्याची पद्धत तयार केली. त्याच्या तीन खुणा आहेत. सकाळी उठतानाच अंगात त्राण नसणं. ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याबद्दल कोरडेपणा येणं, म्हणजे मूल रडत आलं तरी ‘काय कटकट आहे’ असं आधी मनात येणं. आणि आपण केलेल्याचा काहीच उपयोग नाही, असं ठामपणे वाटू लागणं. २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात याची नोंद कामातून उद्भवणारी अवस्था म्हणून केली. तिला रोग म्हटलेलं नाही. म्हणजे दोष माणसात शोधण्याआधी कामात शोधायला हवा, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

या अवस्थेपासून वाचवणारी एक गोष्ट म्हणजे कामापासून मनाने दूर जाता येणारा वेळ. वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याने असा वेळ राखलेला एक शाळामास्तर पाहिला आहे. वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत आले, शिक्षक आणि मुख्याध्यापक म्हणून १९३८पर्यंत तिथे राहिले. पगार तुटपुंजा, प्रकृती नाजूक, शाळा लहान गावातली. ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ या १९३४च्या कादंबऱ्या याच काळातल्या. १९३६च्या ‘छाया’ या चित्रपटाची कथाही त्यांचीच. पुढे १९७४चं ज्ञानपीठ ‘ययाति’ला मिळालं. शिरोड्यातले ते दिवस सुखाचे होते, असं मला सुचवायचं नाही. हालअपेष्टा पुष्कळ होत्या. पण शाळा सांभाळून एवढं लिहून झालं, याचा अर्थ शाळा सुटल्यावर डोक्यात शाळेखेरीज दुसरं काही यायला जागा होती. आजच्या मुख्याध्यापकाच्या खिशात फोन असतो. रात्री नऊला गटावर संदेश पडतो : अतितात्काळ, उद्या अकरापर्यंत माहिती द्या, माहिती निरंक असल्यास निरंक कळवा. त्या संध्याकाळी भजनाला जायचं ठरलेलं असेल तर ते राहतं.

६. एका शब्दाचा शेरा

ऑस्ट्रेलियात २०११पासून दरवर्षी शाळाप्रमुखांच्या आरोग्याची पाहणी होते. आठवड्याचे सरासरी ५५ तासांहून जास्त काम, हे तिथलं नेहमीचं चित्र आहे. ताणाची दोन कारणं वर्षानुवर्षं यादीच्या वर राहिली आहेत : कामाचा ढीग, आणि अध्यापनाकडे लक्ष द्यायला वेळच नसणं. श्रीमंत देश, सुसज्ज शाळा, तरी तक्रार आपल्या वाडीवरच्या बाईंचीच.

इंग्लंडमध्ये याहून दुःखद घटना घडली. रेडिंगमधल्या केव्हरशॅम प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका रूथ पेरी यांच्या शाळेची नोव्हेंबर २०२२मध्ये सरकारी तपासणी झाली आणि आधी सर्वोत्तम ठरलेली शाळा एकदम ‘अपुरी’ ठरली. अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत निकाल गुप्त ठेवायचा होता. जानेवारी २०२३मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. त्या तपासणीचा या मृत्यूला हातभार लागला, असा निष्कर्ष डिसेंबर २०२३च्या न्यायिक चौकशीत निघाला. सप्टेंबर २०२४मध्ये तिथल्या सरकारने सरकारी शाळांना एका शब्दात शेरा देण्याची पद्धत बंद केली.

शाळांची तपासणी व्हायलाच हवी. मुलांचा तो हक्क आहे. पण अख्ख्या शाळेचं काम एका श्रेणीत बसवायचं आणि त्या श्रेणीचं ओझं एकट्या माणसाने वाहायचं, ही रीत घातक आहे. आपल्याकडेही शाळासिद्धी, सुंदर शाळा अशा मूल्यमापनांचे गुण आणि फोटो वाढत आहेत, तेव्हा हा धडा इंग्लंडइतकी किंमत मोजण्याआधी घेतलेला बरा.

७. तालुक्यात काय करता येईल

मुख्याध्यापकांसाठी अधूनमधून ताणमुक्तीचं शिबिर होतं. प्राणायाम वाईट नाही. पण अधिकाराविना आलेली जबाबदारी श्वासाने हलकी होत नाही, आणि त्या दिवशीची शाळा पुन्हा एकाच शिक्षकावर पडते ती वेगळी.

उपाय रेटा, अधिकार आणि सोबत या वरच्या तीन गोष्टींतूनच निघतात. रेटा कमी करायचा, तर माहिती एकदाच मागवावी. यू-डायसमध्ये भरलेला आकडा तक्त्यात पुन्हा मागण्याचं कारण नाही. प्रत्येक केंद्राला एक माहिती भरणारा माणूस दिला, तर दहा-बारा शाळांतल्या मुख्याध्यापकांचे तास वर्गाला परत मिळतील. मला वाटतं, सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक उपाय हाच आहे. अधिकार द्यायचा, तर तातडीच्या छोट्या दुरुस्तीसाठी ठरावीक रक्कम शाळेच्या हातात असावी आणि हिशेब नंतर तपासावा. धोकादायक छपराचा प्रस्ताव ठरलेल्या दिवसांत निकाली निघाला नाही, तर पुढची जबाबदारी ज्याच्या टेबलावर कागद थांबला त्याची धरावी. आणि सोबत द्यायची, तर केंद्रप्रमुखाच्या महिन्याच्या फेरीत निदान तासभर तपासणी बाजूला ठेवून ‘तुमचं काय अडलंय?’ एवढंच विचारलं जावं. नव्याने पदभार घेतलेल्याला पहिलं वर्षभर एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकाचा हात धरता आला, तर कितीतरी चुका आणि कितीतरी जागरणं टळतील. गावोगावी अशी निवृत्त, जाणती माणसं आहेत.

जे मुख्याध्यापक हे वाचत असतील आणि ज्यांना वर सांगितलेल्या तीन खुणा स्वतःत दिसत असतील, त्यांनी डॉक्टरांकडे जायला संकोचू नये. ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि पालकांनो, थोडं तुमच्याशी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि अध्यक्षही पालकांतूनच निवडला जातो. कायद्याने हा अधिकार तुम्हाला दिलेला आहे. छपराच्या दुरुस्तीचा ठराव समितीने केला, त्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि तो घेऊन चार पालक पंचायत समितीत गेले, तर तो एकट्या बाईंचा कागद राहत नाही. आहाराची चव घ्यायला आठवड्यातून एक दिवस एखादी आई आली, तर बाईंचा एक तास वर्गाला मिळतो. पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर एक विषय घाला : मुख्याध्यापकांच्या कामातलं काय आपण उचलू शकतो? आणि त्याचं उत्तर इतिवृत्तात नावानिशी लिहा.